‘तुम्हाला ते कळणार नाही’ : मावशीचं पोट आणि माहितीचा हक्क

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारलं, "ताई, तुम्ही डायलिसिसच्या पेशंटमागे फिरता, ते सामाजिक काम आहे हे मान्य. पण त्यात चळवळीचा विषय काय आहे?" त्याने टोमणा मारला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर. त्यात माझी एक कबुलीही आहे.

माझी मावशी उत्तर नागपुरात राहायची. माहेर भंडारा जिल्ह्यातलं, शिक्षण सातवीपर्यंत. काका सरकारी खात्यात चतुर्थ श्रेणी कर्मचारी. मधुमेहाने मावशीच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि २०१३ मध्ये तिला डायलिसिस लागलं. तिचं हृदय अशक्त होतं, म्हणून डॉक्टरांनी रक्ताच्या डायलिसिसऐवजी पोटाचं डायलिसिस सुचवलं. त्याला सीएपीडी म्हणतात. आपल्यातल्या अनेकांना हा प्रकारच माहीत नसतो, म्हणून थोडक्यात सांगते. आपल्या पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, पेरिटोनियम. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. त्या नळीतून दोन लिटर साखरेचं द्रावण आत सोडायचं आणि चार-पाच तास आत ठेवायचं. रक्तातली घाण आणि जादा पाणी त्या पडद्यातून द्रावणात उतरतं. मग ते काढून टाकायचं आणि नवी पिशवी लावायची. दिवसातून चार वेळा, रोज, सणवार न बघता.

मावशीचं घर दोन खोल्यांचं. मधल्या खोलीचा एक कोपरा तिने पिशवीसाठी राखून ठेवला होता. त्या वेळी पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क, आणि साबणाने हात घड्याळ लावून धुवायचे. नळाला पाणी एक वेळ यायचं, म्हणून हात धुण्यासाठी वेगळी झाकणाची बादली होती आणि तिला कोणी हात लावायचा नाही. काढलेलं पाणी गढूळ आहे का हे बघायला ती पिशवीखाली वर्तमानपत्र धरायची. पिशवीतून अक्षरं वाचता आली की पाणी स्वच्छ. अक्षरं पुसट दिसली की पोटात जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. आठ वर्षं, रोज चार वेळा, म्हणजे साडेअकरा हजारांहून जास्त वेळा तिने हे केलं. एवढ्या काळात तिला जंतुसंसर्ग फक्त दोनदा झाला. ज्या समाजाला शतकानुशतकं अस्वच्छ म्हणून गावाबाहेर ठेवलं, त्या समाजातल्या सातवी शिकलेल्या बाईने ऑपरेशन थिएटरची शिस्त दोन खोल्यांच्या घरात पाळून दाखवली. याची नोंद कुठल्याही केसपेपरवर नाही, म्हणून ती इथे करते.

दुसरी नोंदही करायची आहे. त्या पिशव्यांचा खर्च महिन्याला २०-२५ हजारांच्या घरात जायचा. काकांच्या नोकरीमुळे त्याची बिलं मंजूर व्हायची, उशिरा का होईना. काकांची नोकरी राखीव जागेवरची. आरक्षण म्हणजे फक्त पगार आणि पद, असं समजून वाद घालणाऱ्यांनी ही पिशवी एकदा हातात घेऊन बघावी. मावशीची आठ वर्षं त्या नोकरीतून आली होती. तिच्याच गल्लीतल्या, हातावर पोट असलेल्या एका भावाला हे मिळालं नाही. योजनेत रक्ताचं डायलिसिस फुकट होतं, पण आठवड्यातून दोन-तीनदा तिथवर जायचं भाडं, त्या दिवसांची बुडालेली मजुरी आणि सोबतीला येणाऱ्याची बुडालेली मजुरी योजनेत नव्हती. तो वर्षभरात गेला. आणि आज मावशीचा मुलगा कंत्राटी कामावर आहे. काकांच्या नोकरीने आईला जे दिलं, ते त्याला स्वतःच्या बायकोमुलांना देता येणार नाही. कंत्राटीकरणाने एका पिढीत काय काढून घेतलं, हे मी आमच्या घरातच बघते आहे.

पोटाच्या डायलिसिसने मावशीला खूप दिलं, हे आधीच स्पष्ट सांगते, कारण पुढचं वाचून कोणी त्याला घाबरू नये. ती रविवारी विहारात जायची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर यायची आणि दुपारची पिशवी जवळच्या एका नातेवाइकाकडे लावून परत गर्दीत शिरायची. लॉकडाऊनमध्ये रक्ताच्या डायलिसिसचे पेशंट गाडीसाठी आणि पाससाठी वणवण करत होते, तेव्हा मावशी घरीच सुरक्षित होती.

आठव्या वर्षी पडदा थकला. पाणी कमी निघू लागलं, पाय सुजू लागले. डॉक्टरांनी जास्त साखरेच्या पिशव्या दिल्या, त्यानेही भागेना. २०२२ च्या सुरुवातीला पोटाची नळी काढली आणि हृदयाची जोखीम पत्करून तिला रक्ताच्या डायलिसिसवर घेतलं. आम्हाला वाटलं, चला, एक टप्पा संपला.

तीन-चार महिन्यांनी तिचं जेवण कमी झालं. ती म्हणायची, "दोन घासात पोट टम्म होते वं. वर काही जातच नाही." मग उलट्या सुरू झाल्या, पोटात पिळवटून दुखू लागलं आणि वजन उतरायला लागलं. दवाखान्यात सांगितलं, गॅस आहे. गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला ॲसिडिटी. त्याच्या पुढच्या खेपेला, "मनावर घेतलंय, डायलिसिसच्या पेशंटला डिप्रेशन येतंच." घरात काका चिडायचे, सून रडकुंडीला यायची. शेजारणीने एका बाबाकडे न्यायला सुचवलं. मावशीने तिला बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली आणि विषय संपवला.

आता कबुली. मी समाजशास्त्रात एम. ए. केलं आहे. रुग्णाची भूमिका समाज कशी ठरवतो, यावर टाल्कॉट पार्सन्सचा सिद्धांत मी परीक्षेत दोन पानं लिहिला होता. रुग्णाने बरं होण्याची इच्छा दाखवली पाहिजे अशी समाजाची अपेक्षा असते, आणि ती पुरी झाली नाही की समाज रुग्णालाच दोष देतो, हे मला पाठ होतं. आणि तीच मी, दर रविवारी मावशीसमोर वाटी घेऊन बसायची आणि म्हणायची, "मावशी, थोडं मन घट्ट कर. खाऊन घे ना. तूच प्रयत्न केला नाहीस तर कसं होईल?" ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "लहानपणी भूक होती तं घरात अन्न नव्हतं. आता अन्न आहे तं पोट घेत नाही. मी काहून खोटं बोलू?" मी ते ऐकलं आणि तरीही वाटी पुढे केली.

तिच्या पोटाचं सीटी स्कॅन डिसेंबरमध्ये झालं, पहिल्या तक्रारीनंतर सहा-सात महिन्यांनी. ज्या आजाराचं निदान झालं त्याचं नाव एन्कॅप्सुलेटिंग पेरिटोनियल स्क्लेरोसिस. ईपीएस. अनेक वर्षं पोटाचं डायलिसिस केलेल्या काही थोड्या लोकांना तो होतो. पेरिटोनियमचा पडदा जाड आणि कडक होतो, कधी त्यावर चुन्यासारखे थर बसतात, आणि तो आतड्यांभोवती आवळत जातो. आतड्यांना हलायला जागा उरत नाही, अन्न पुढे सरकत नाही. माणूस भरल्या घरात उपाशी राहतो. यातली सर्वात फसवी गोष्ट ही, की पुष्कळदा हा आजार पोटाचं डायलिसिस बंद झाल्यावर वर येतो. म्हणजे पेशंट रक्ताच्या डायलिसिसवर गेलेला असतो किंवा त्याला नवी किडनी मिळालेली असते, आणि पोटाचा विषय संपला असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

एका तरुण निवासी डॉक्टरने केसपेपरच्या मागे पेनाने चित्र काढून आम्हाला हे समजावलं. तो म्हणाला, रेशमाच्या किड्याचा कोष असतो ना, तसं आतड्यांभोवती झालंय. मावशी भंडाऱ्याकडची, तिला कोसा माहीत होता. तिने चित्र नीट बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मी खोटं नव्हती बोलत." आजार किती गंभीर आहे, हे तिने त्यानंतर विचारलं. तिचं पहिलं वाक्य मात्र हेच होतं.

स्टेरॉइड सुरू झाली. सोबत टॅमॉक्सिफेन नावाची गोळी दिली. ती मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरसाठी वापरतात, पण ईपीएसमध्ये पडद्याचं घट्ट होणं रोखायलाही देतात. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. सुनेने मोबाईलवर नाव टाकून बघितलं आणि घरात दोन दिवस रडारड झाली की मावशीला कॅन्सर आहे आणि डॉक्टर लपवत आहेत. शिरेतून पोषण द्यायला हवं होतं, ते थोडे दिवस जमलं. आतडी कोषातून सोडवण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती फार नाजूक आणि तिचा अनुभव असलेले सर्जन मोजके. इंग्लंडमध्ये त्यासाठी मँचेस्टर आणि केंब्रिज इथे खास केंद्रं आहेत आणि देशभरातले पेशंट तिथे पाठवले जातात. आमच्यासमोर असा कुठलाही रस्ता ठेवला गेला नाही. तोवर मावशीचं वजन इतकं उतरलं होतं की भूल देणंही धोक्याचं झालं होतं. २०२३ च्या पावसाळ्यात ती गेली.

आता वादाचा मुद्दा. मावशी गेल्यावर मी त्या दवाखान्यातल्या एका वरिष्ठ डॉक्टरांना भेटले. भांडायला गेले नव्हते. एवढंच विचारलं, की हा धोका आठ वर्षांत एकदाही का सांगितला नाही? ते म्हणाले, "हे फार दुर्मीळ आहे. पहिल्याच दिवशी असं सांगितलं तर पेशंट घाबरून उपचारच घेणार नाही. आणि खरं सांगू का, तुम्हा लोकांना ते कळणारही नाही."

त्यांच्या पहिल्या वाक्याला कायद्याचा आधार आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रुग्णाच्या संमतीवर महत्त्वाचा निकाल दिला. उपचार, पर्याय आणि मोठे धोके सांगितलेच पाहिजेत, असं त्यात आहे. पण फार दूरचे धोके, जे ऐकून रुग्ण घाबरेल आणि आवश्यक उपचार नाकारेल, ते सांगण्याची गरज नाही, असंही त्यात आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात वेगळी दिशा घेतली. कुठला धोका महत्त्वाचा हे डॉक्टरच्या नजरेतून नव्हे, त्या रुग्णाच्या नजरेतून ठरवायचं, असं तिथे ठरलं. आपल्या वकील मित्रांनी या दोन निकालांचा अभ्यास करावा, अशी माझी विनंती आहे.

पण मी भारतातला निकाल जसाच्या तसा मान्य केला, तरी डॉक्टरांचा बचाव टिकत नाही. कारण दुर्मीळ म्हणजे कधी दुर्मीळ? जपानमध्ये पोटाचं डायलिसिस वर्षानुवर्षं करणारे पेशंट बरेच होते, आणि तिथल्या तज्ज्ञांनी काळानुसार हिशेब मांडला आहे. पाच वर्षांपर्यंत हा आजार शंभरात एकालाही होत नाही. आठ वर्षांपर्यंत सुमारे दोन टक्के. दहा वर्षांपर्यंत सुमारे सहा टक्के. पंधरा वर्षांच्या पुढे सतरा टक्क्यांच्या आसपास. पुढे सुधारित द्रावणं आली आणि तिथे हे प्रमाण पुष्कळ खाली आलं. पण मूळ गोष्ट बदलत नाही : पहिल्या दिवशी जो धोका दूरचा असतो, तो आठव्या वर्षी तेवढा दूरचा राहत नाही. मावशीची संमती २०१३ मध्ये एका इंग्रजी कागदावर घेतली आणि २०२२ पर्यंत तीच चालवली. पहिल्या दिवशी घाबरवू नका, ठीक. पाचव्या वर्षी? जास्त साखरेच्या पिशव्या सुरू केल्या तेव्हा? नळी काढली त्या दिवशी? तेव्हा तर उपचार नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. "पुढच्या काही महिन्यांत पोट फुगलं, उलट्या झाल्या, वजन उतरलं, तर गॅस समजू नका, सरळ माझ्याकडे या," एवढी तीन ओळींची चिठ्ठी पुरली असती. ती मावशीने पिशवीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवली असती. ती वाचली असती याची मला खात्री नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण सात महिने तिला घरात आणि दवाखान्यात खोटं ठरवलं गेलं नसतं.

आता डॉक्टरांचं दुसरं वाक्य, "तुम्हा लोकांना कळणार नाही." हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. ज्ञान कोणाला पेलतं आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार मूठभरांकडे राहिला आणि त्यातून काय घडलं, हे महात्मा फुल्यांनी आपल्याला शिकवलं. त्या काळी त्याला धर्माचा आधार होता, आता पेशंटच्या काळजीचा आहे. जी बाई पिशवीतून अक्षरं वाचून जंतुसंसर्ग ओळखत होती, तिला तीन लक्षणं कळली नसती? निवासी डॉक्टरने पेनाने चित्र काढलं तेव्हा तिला दोन मिनिटांत कळलं. समजावणाऱ्याने बसून समजावलं की समजतं. सगळे डॉक्टर सारखे नसतात, हे त्या पोरानेच दाखवून दिलं. म्हणून माझा राग माणसांवर कमी आहे आणि सवयीवर जास्त. सवय ही, की गरीब, दलित, बाई, मराठीत बोलणारी पेशंट म्हणजे जिला सूचना द्यायच्या, माहिती नव्हे.

नंतर माझ्या कामात मला याच आजाराचे आणखी एक पेशंट भेटले. मुंबईचे एक काका, त्यांना बायकोने किडनी दिली होती. ते फोनवर म्हणाले, "ताई, किडनी चालू झाली आणि पोट बंद पडलं. सगळे म्हणत होते, तुझं तर कल्याण झालं, आता कशाला कुरकुरतोस. बायकोसमोर तर दुखतंय म्हणायचीही लाज वाटायची." त्यांना दीर्घ काळ आणखी एक गोष्ट खात होती, की आपणच कधीतरी हात नीट धुतले नसतील, आपल्याच चुकीने हे झालं. नेमकं हेच मावशीही म्हणायची. वारंवार झालेला जंतुसंसर्ग हे या आजाराचं एक कारण मानतात, पण मुख्य वाटा वर्षांचा असतो. निष्काळजी माणूस सीएपीडीवर इतकी वर्षं टिकतच नाही. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ गप्प होते. दोघांनाही एक प्रश्न मी विचारला होता : आधी माहीत असतं तर पोटाचं डायलिसिस नाकारलं असतं का? दोघांचं उत्तर एकच, नाही. म्हणजे माहिती दिली तर पेशंट पळतो, हेही निदान या दोघांच्या बाबतीत खरं नव्हतं.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला असतो आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. भगवान बुद्ध आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः आंघोळ घालतात आणि मग संघाला एकमेकांच्या शुश्रूषेचा नियम घालून देतात. हा प्रसंग आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. पण तिथेच पुढे जे आहे ते कमी सांगितलं जातं. कोणत्या रुग्णाची शुश्रूषा करणं सोपं, याचे गुण तिथे सांगितले आहेत. त्यातला एक असा, की रुग्णाने आपला आजार जसा आहे तसा सांगावा : वाढला तर वाढला, उतरला तर उतरला. मावशीने हा धम्म पाळला. ऐकणाऱ्याने ते खरं मानायचं असतं, हा आमचा अर्धा वाटा आम्ही पाळला नाही.

तर त्या तरुण साथीला माझं उत्तर असं आहे. चळवळीचा विषय हा, की आपल्या माणसाच्या शरीराबद्दलची माहिती कोणाच्या मालकीची आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. त्यात माहितीचा हक्क पहिला आहे. ती सनद आपल्यातल्या किती जणांनी वाचली आहे?

काम मोठं नाही, पण चिकाटीचं आहे. आपल्या वस्तीत डायलिसिसवर कोण आहे, कोणतं, आणि किती वर्षांपासून, याची वही ठेवा. पोटाचं डायलिसिस पाच वर्षांच्या पुढे गेलं असेल, तर पेशंटसोबत जाऊन डॉक्टरांना नम्रपणे विचारा, की पडद्याची तपासणी कधी झाली आणि पुढचा विचार काय आहे. कोणी स्वतःच्या मनाने उपचार बंद करू नये, ते जिवावर बेतेल. नळी काढली असेल किंवा किडनी बसवली असेल, तरी वजन दर आठवड्याला लिहून ठेवा. दोन घासात पोट भरणं, उलट्या, पोटदुखी, उतरतं वजन, काढलेल्या पाण्यात रक्ताची छटा, यातलं काहीही दिसलं तर "मी इतकी वर्षं पोटाचं डायलिसिस केलंय" हे डॉक्टरांसमोर पहिल्या वाक्यात सांगा. कारण नव्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरला ते माहीत असेलच असं नाही. आणि आपल्यातले जे वैद्यकीय शिक्षण घेत आहेत त्यांना एकच सांगणं : तुमच्या खिशातलं पेन औषध लिहिण्याइतकंच चित्र काढण्यासाठीही आहे.

आणि घरात कोणी म्हणालं की जेवण जात नाही, तर वाटी खाली ठेवा आणि आधी विचारा, "कसं होतंय, नीट सांग." मी हे आठ महिने उशिरा शिकले.

जयभीम. नमो बुद्धाय.